दख्खनचा काळा खडक आणि विहिरीचे पाणी

विहिरीवर होणारा खर्च हा शेतकऱ्याच्या आयुष्यातील मोठ्या खर्चांपैकी एक होय. बियाणे वाया गेले तर पुढच्या हंगामात ते भरून काढता येते. कोरडी गेलेली विहीर मात्र कर्जाच्या रूपाने घरात अनेक वर्षे राहते. असे असूनही बियाणे घेताना जितकी चौकशी केली जाते तितकी विहिरीची जागा ठरविताना केली जात नाही. एक विहीर कोरडी गेली म्हणून बोअर घ्यावयाचे, ते कोरडे गेले म्हणून दुसरे अधिक खोल घ्यावयाचे, हा क्रम अनेक गावांत चालू आहे. यात दोष नशिबाचा नाही. ज्या खडकात आपण पैसा घालतो तो खडक कसा बनला, त्याचे थर कसे पडले आहेत आणि त्यांत पाणी किती मावते हे न पाहता काम सुरू केले जाते, हे त्याचे मुख्य कारण आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने व शेतकऱ्याने स्वतः करावयाची काही साधी निरीक्षणे आणि मोजमापे या लेखात दिली आहेत. त्यांस मोजपट्टी, तागडी, गवंड्याची पाण्याची नळी आणि एक वही यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

खडक आला कोठून

खडकांचे तीन मोठे वर्ग मानतात. पृथ्वीच्या पोटातील वितळलेला शिलारस थिजून झालेला तो अग्निजन्य खडक. नदी, समुद्र किंवा वारा यांनी आणलेला गाळ साचून व दबून झालेला तो गाळाचा खडक. आणि या दोहोंपैकी कोणताही खडक उष्णता व दाब यांनी पालटून झालेला तो रूपांतरित खडक. महाराष्ट्राच्या भूभागापैकी सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भाग पहिल्या वर्गातील एकाच खडकाने, म्हणजे काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या बऱ्याच भागात, तसेच नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली बाजूस ग्रॅनाइट जातीचे जुने खडक आढळतात. वणीकडे चुनखडीचा खडक आहे. तापी व पूर्णा यांच्या खोऱ्यांत गाळाचे जाड थर आहेत. दक्षिण कोकणात जांभा आहे. त्या भागांतील विहिरींचे नियम वेगळे पडतात. पुढील सर्व विवेचन काळ्या पाषाणाच्या मुलखापुरतेच समजावे.

हा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. तो कसा आला हे समजण्यासाठी पृथ्वीची घडण थोडी पाहावी लागते. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. तिचे बाहेरील टणक कवच त्या मानाने पातळ, साधारणपणे १०० किलोमीटर जाडीचे असून ते अखंड नाही. त्याचे लहानमोठे तुकडे पडलेले असून त्यांस भूपट्ट म्हणतात. त्यांपैकी मोठे भूपट्ट सात मानले जातात. खालचा तप्त भाग अतिशय संथपणे हलत असल्याने त्यावरील भूपट्टही सरकत राहतात. खंडे सरकतात ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली, तेव्हा तिला फारशी मान्यता मिळाली नाही. १९६० नंतरच्या दशकात समुद्रतळाच्या पाहणीतून पुरावे मिळाल्यावर ती सुधारलेल्या रूपात सर्वमान्य झाली.

आपला भारतीय भूपट्ट पूर्वी मादागास्कर बेटास लागून होता. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी तो त्यापासून सुटला व उत्तरेकडे सरकू लागला. त्या वाटेवर, आज हिंदी महासागरात जेथे रियुनियन बेट आहे त्या बाजूस, पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येण्याचे एक ठिकाण होते. भारताचा पश्चिम भाग त्यावर आला असता कवचास लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारसाचे पूर बाहेर पडले. हा रस सुमारे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस इतका तप्त व पातळ असल्यामुळे शंकूसारखे डोंगर न होता तो सपाट पसरला. एक पूर थिजला की काही काळाने त्यावर दुसरा आला. असे कितीतरी पूर एकावर एक पसरून दख्खनचे पठार झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. रियुनियन बेटावरील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. आपण मात्र त्या ठिकाणापासून हजारो किलोमीटर दूर आलो आहोत.

पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आशियाच्या भूपट्टास जाऊन भिडला व त्या दाबाने हिमालय उचलला गेला. ही गती अजून थांबलेली नाही. आपण दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे शंभर वर्षांत पाच मीटर, ईशान्येकडे सरकत आहोत. (सर्वांचे बांध एकत्रच सरकत असल्याने जमिनीच्या मोजणीत त्यामुळे फरक पडत नाही, हे एका सभेत विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येथे नमूद करतो.) या दाबाचा ताण भूपट्टाच्या मधल्या भागातही साठत असतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी येथे झालेला भूकंप अशा मधल्या भागातील होता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयातील पाण्याच्या भाराशी व दाबाशी निगडित मानला जातो. विहिरीच्या सुरुंगाने किंवा बोअर घेतल्याने असे भूकंप होतात ही समजूत मात्र निराधार आहे.

काळ्या खडकाची जाडी सर्वत्र सारखी नाही. सह्याद्रीत ती अधिक असून पूर्वेकडे कमी होत जाते. कोयना भागात शास्त्रीय पाहणीसाठी घेतलेल्या एका खोल छिद्रात हा खडक सुमारे ९३० मीटरपर्यंत लागला, तर किल्लारी येथील छिद्रात ३३८ मीटरपर्यंत. सांगण्याचा हेतू असा की, विहीर वा बोअर कितीही खोल नेले तरी आपण या खडकाच्या आतच राहतो. खाली गेल्यावर कोठेतरी पाण्याचा समुद्र लागेल ही आशा व्यर्थ आहे. पाणी आहे ते या थरांच्या फटींत व सांध्यांतच आहे.

थरांची ओळख

शिलारसाचा प्रत्येक पूर थिजताना त्यातील वायू वर जाऊ लागतात. त्यामुळे प्रत्येक थराचा वरचा भाग फोडांनी भरलेला, सच्छिद्र असा होतो आणि मधला व खालचा भाग घट्ट, जड राहतो. दोन पुरांमध्ये दीर्घ काळ गेला असेल तर खालच्या थराचा माथा ऊनपावसाने कुजून त्याची तांबडी माती झालेली असते व वरच्या पुराने ती भाजून व दाबून काढलेली असते. हाच आपला गेरूचा पट्टा. म्हणून विहीर खोदताना काळी माती व मुरूम संपल्यावर सच्छिद्र खडक, मग कठीण काळा पाषाण, मग कोठे कोठे तांबडा गेरू, पुन्हा सच्छिद्र खडक, पुन्हा कठीण पाषाण, असा क्रम लागतो. ज्याने हा क्रम ध्यानात ठेवला त्याला आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे समजते. पायरी हा शब्द येथे सहज आलेला नाही. या खडकास इंग्रज भूशास्त्रज्ञांनी ‘ट्रॅप’ म्हटले, ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. आपल्या भागातील डोंगर दुरून पाहिला तर उभा कडा व सपाट माची अशी रचना एकाआड एक दिसते. कडा हा कठीण थराचा व माची ही झिजलेल्या मऊ थराची असते. गावाच्या विहिरींत जमिनीखाली जे आहे त्याचा नमुना अशा रीतीने शेजारच्या डोंगरावर उघडा पडलेला असतो. कार्यकर्त्याने नव्या गावी गेल्यावर प्रथम डोंगराची बाजू आणि ओढ्याची दरड पाहावी, असे मी सुचवीन.

पाण्याच्या दृष्टीने या थरांची योग्यता भिन्न आहे. मुरूम व त्याखालील कुजलेला खडक हा पावसाचे पाणी प्रथम साठविणारा भाग होय. उथळ विहिरींचे पाणी बहुतेक याच भागातले असते. सच्छिद्र खडक, ज्याला काही भागांत मांजऱ्या म्हणतात, तो फुटलेला व भेगाळलेला असेल तर चांगला पाणी देतो. कठीण पाषाण स्वतः पाणी धरीत नाही. मात्र थिजताना त्यात उभे सांधे पडलेले असतात व ते मोकळे असले तर त्यांतून पाणी वाहते. खोलीबरोबर हे सांधे वरच्या भाराने आवळत जातात. गेरू हा चिकणा असल्याने पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या माथ्यावर झरे दिसतात. गेरूतून पाणी येते असे म्हणण्याची पद्धत आहे, परंतु ते गेरूवरून येते हे अधिक बरोबर. गेरू लागल्यावर तो फोडून पुढे जाण्यापूर्वी विचार करावा. खालचा सच्छिद्र थर भरलेला असेल तर पाणी वाढेल. पण तोच थर उतारावर एखाद्या खोल ओढ्यात उघडा पडून रिकामा झालेला असेल तर वरचे पाणीही त्या वाटेने निघून जाऊ शकते. शिवाय गेरू ओला होऊन ढासळतो, तेथे बांधकाम करावे लागते.

आणखी एक गोष्ट काही भागांत, विशेषतः धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, वारंवार आढळते. शिलारस उभ्या भेगेत थिजून खडकाची भिंत तयार झालेली असते. शेतातून सरळ रेषेत गेलेली, काळ्या धोंड्यांची, कधी कधी मैलोन्‌मैल चालणारी ही रांग नजरेस सहज येते. ही भिंत अभंग असेल तर जमिनीखालच्या बंधाऱ्याप्रमाणे पाणी अडविते. तिच्या वरच्या अंगास पाणी व खालच्या अंगास कोरड असा प्रकार दिसतो. भिंत भेगाळलेली असेल तर उलट तिच्यातूनच पाणी वाहते. कोणता प्रकार आहे हे दोन्ही बाजूंच्या जुन्या विहिरींची पाणीपातळी मोजून कळते.

येथे पाणाड्यांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. हातात नारळ किंवा कडुनिंबाची फांदी घेऊन जागा दाखविणारे पुष्कळदा बरोबर ठरतात, हे खरे. परंतु ज्या शिवारात मुरूम व कुजलेला खडक सर्वत्र पसरलेला आहे तेथे कोणतीही जागा दाखविली तरी थोडेबहुत पाणी लागतेच. प्रश्न पाणी लागण्याचा नसून ते किती व कोणत्या महिन्यापर्यंत टिकेल हा आहे, आणि त्याचे उत्तर नारळ देत नाही.

दगडाचे वजन

सच्छिद्र खडक लागला म्हणजे पाणी लागलेच असे समजू नये. छिद्रे असणे व ती एकमेकांस मिळालेली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळ ठिकाणी ही छिद्रे पांढऱ्या, हिरवट किंवा गुलाबी खनिजांनी बुजलेली असतात. अशा खडकास भेगा नसतील तर त्यात पाणी शिरत नाही. परीक्षा सोपी आहे. विहिरीतून निघालेला मुठीपेक्षा मोठा दगड उन्हात चांगला वाळवावा. तो दोरीने काट्यास टांगून वजन करावे. मग तसाच टांगलेला ठेवून बादलीतील पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडावा व पुन्हा वजन पाहावे. दोन वजनांतील फरकाने पहिल्या वजनास भागले की दगडाची घनता मिळते. समजा, हवेत २.९ किलो व पाण्यात १.९ किलो भरले, तर फरक १ किलो व घनता २.९ आली. हा घट्ट पाषाण. सच्छिद्र दगडाची घनता याहून स्पष्टपणे कमी येईल. नंतर तो दगड एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावा, वरचे पाणी पुसून पुन्हा हवेत वजन करावे. वजन काहीच वाढले नाही तर छिद्रे बंद आहेत असे समजावे. गावच्या शाळेतील मुले हा प्रयोग आवडीने करतात, आणि एका वर्षात गावातील सर्व विहिरींचे दगड तपासून होतात.

बोअर घेताना दगड हाती येत नाही, भुकटी येते. दर ३ मीटरला तिची मूठभर चिमूट कागदी पिशवीत घालून तीवर खोली लिहून ठेवावी. करडी, बारीक भुकटी व संथ गतीने जाणारे यंत्र हे कठीण पाषाणाचे लक्षण. तांबडा चिखल हे गेरूचे. पांढरे कण मिसळलेली भरड भुकटी व एकाएकी वाढलेली गती हे सच्छिद्र थराचे. यंत्रवाले रात्री येतात, काम उरकतात व निघून जातात. या नोंदी मालकाने स्वतःच ठेवावयाच्या असतात. कोरड्या बोअरच्या पिशव्याही टाकू नयेत. तेवढे पैसे देऊन मिळविलेली तीच एक माहिती आहे.

शेजारची विहीर आणि पाण्याची नळी

दख्खनचे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे आहेत. या एका गोष्टीचा उपयोग शेतकऱ्यांनी पुरेसा केलेला नाही, असे माझे मत आहे. थर आडवे असल्याने शेजारच्या विहिरीत जो थर ज्या उंचीवर आहे त्याच उंचीच्या आसपास तो आपल्या शेतातही असावयाचा. उंचीतील फरक तेवढा मोजला पाहिजे.

त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, सुमारे १५ मीटर लांबीची, पुरते. तीत पाणी भरून हवेचा बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करावी. खुणा केलेल्या दोन काठ्यांशी नळीची टोके धरून दोन्ही टोकांतील पाणी स्थिर होऊ द्यावे व दोन्ही काठ्यांवरील आकडे लिहावे. त्यांतील वजाबाकी म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतील फरक. मग पुढचा टप्पा घ्यावा. असे करीत शेजाऱ्याच्या विहिरीच्या काठापासून आपल्या नियोजित जागेपर्यंत यावे. काम कंटाळवाणे आहे, पण दोन माणसांना तीनशे मीटरच्या अंतरास अर्धा दिवसही लागत नाही.

उदाहरण घेऊ. शेजाऱ्याच्या विहिरीत काठापासून १.५ मीटरपर्यंत काळी माती, ५ मीटरपर्यंत मुरूम, ९ मीटरपर्यंत सच्छिद्र खडक, १६ मीटरपर्यंत कठीण पाषाण व त्याखाली गेरू आहे. आपली जागा ४ मीटर उंच भरली. तर आपल्याकडे कठीण पाषाण १३ मीटरच्या सुमारास सुरू व्हावा आणि गेरू २० मीटरला लागावा. शेजाऱ्याचे झरे गेरूच्या माथ्यावर असतील तर आपणास २० मीटर जाण्याची तयारी ठेवूनच खर्चाचा अंदाज करावा लागेल. १६ मीटरवर पैसे संपले म्हणून थांबलेली विहीर कोरडी ठरेल, आणि दोष जागेस दिला जाईल. मात्र माती व मुरूम यांना हा नियम लावू नये. ते वरून कुजून किंवा वाहून येऊन झालेले असतात व जमिनीच्या उताराप्रमाणे जातात. सखल भागात जाड, माळावर पातळ. तसेच थर काही ठिकाणी फुगतात, काही ठिकाणी संपतात. मध्ये उभी भिंत आडवी आली तर हिशेब बिघडतो. म्हणून एका विहिरीवर विसंबू नये. तीन बाजूंच्या तीन विहिरी मोजाव्या व तिन्ही एकच उत्तर देतात का पाहावे.

विहिरीची आवक

विहिरीत किती पाणी आहे यापेक्षा उपशानंतर ते किती वेगाने भरते हे महत्त्वाचे. गोल विहिरीच्या व्यासास व्यासाने गुणून त्यास ०.७८५ ने गुणिले की तोंडाचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये मिळते. ८ मीटर व्यासाच्या विहिरीचे क्षेत्र सुमारे ५० चौरस मीटर. म्हणजे १ मीटर पाण्याचे ५० घनमीटर, अर्थात ५० हजार लिटर झाले. पंप बंद केल्यावर काठावरील एका पक्क्या खुणेपासून दर तासास पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. समजा, १२ तासांत पाणी १.६ मीटर चढले, तर आवक ८० हजार लिटर, म्हणजे दिवसाची सुमारे १ लाख ६० हजार लिटर धरावी. एक हेक्टरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. ६० मिलिमीटरची एक पाळी ६ लाख लिटर घेते, म्हणून या विहिरीवर एक हेक्टर भिजण्यास जवळजवळ चार दिवस लागतात. वीस दिवसांची पाळी ठेवावयाची असेल तर पाच हेक्टर ही कमाल मर्यादा, तीही आवक तशीच राहिली तर. ती राहत नाही. म्हणून ऑक्टोबरात केलेली मोजणी जानेवारीत व मार्चमध्ये पुन्हा करावी आणि उन्हाळी पिकाचा निर्णय मार्चच्या आकड्यावर घ्यावा.

तासातासाच्या नोंदी आणखी एक गोष्ट सांगतात. पाणी काही उंचीपर्यंत एका वेगाने चढते व तेथून पुढे मंदावते. ज्या उंचीवर ते मंदावले, त्या उंचीच्या आसपास मुख्य झरे असावेत, कारण झरा पाण्याखाली गेला की त्याचा जोर कमी पडतो. विहीर कोरडी पडते म्हणून ती आणखी खोल करण्यापूर्वी ही उंची पाहून ठेवावी. झरे १० मीटरवर असतील व तळ १५ मीटरवर कठीण पाषाणात असेल, तर आणखी ५ मीटर फोडल्याने साठवण वाढेल, आवक वाढेलच असे नाही. तेथे झऱ्यांच्या थरातच आडवी छिद्रे घेणे पुष्कळदा कमी खर्चात अधिक उपयोगी पडते.

साऱ्या गावाचा साठा

आता विहिरीबाहेर पाहू. भूजलाच्या सरकारी आकारणीत कुजलेल्या किंवा सच्छिद्र व भेगाळलेल्या काळ्या खडकाच्या शंभर भागांतून वापरण्यास मिळणारे पाणी साधारण दोन भाग, म्हणजे २ टक्के, धरतात. घट्ट पाषाणाचे तर अर्धा टक्काही नाही. पावसापैकी खडकात मुरणारा हिस्सा सच्छिद्र भेगाळ खडकात सुमारे १३ टक्के व कुजलेल्या खडकात सुमारे ७ टक्के धरला जातो. ६०० मिलिमीटर पावसाच्या गावी १३ टक्क्यांप्रमाणे ७८ मिलिमीटर पाणी मुरले. खडकात जागा दोनच टक्के असल्याने तेवढ्याने पातळी ३.९ मीटर चढते. पावसाळ्यात विहिरी झपाट्याने भरतात व माघ-फाल्गुनात तितक्याच झपाट्याने उतरतात, याचे कारण हेच. साठवणच लहान आहे.

४०० हेक्टर शिवाराच्या गावास हा हिशेब लावून पाहावा. मुरलेले पाणी ३ लाख १२ हजार घनमीटर, म्हणजे ३१ कोटी लिटर. दीड हजार माणसांना दररोज ५५ लिटर व पाचशे गुरांना ५० लिटर धरता वर्षाचे सुमारे ४ कोटी लिटर पिण्यासाठी राखले पाहिजे. उरले २७ कोटी. त्यांतूनही काही ओढ्यांनी वाहून जाते, ते तूर्त सोडून देऊ. उसास पावसाचा वाटा वजा जाता विहिरीचे १,५०० मिलिमीटर पाणी द्यावे लागले, तर हेक्टरी दीड कोटी लिटर होतात आणि गावाचा सगळा साठा १८ हेक्टर उसात संपतो. हरभऱ्यास ६० मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर हेक्टरी १२ लाख लिटर लागतात व तेवढेच पाणी २२५ हेक्टरांस पुरते. कोणी काय पेरावे हे या लेखात सांगावयाचे नाही. परंतु वीस-पंचवीस घरांनी ऊस लावला व उरलेल्यांच्या विहिरी जानेवारीत आटल्या, तर ती फिर्याद पावसाविरुद्ध नसून शेजाऱ्याशी बसून सोडविण्याची आहे. आडव्या थरातले पाणी बांध पाहत नाही. पहिल्या विहिरीशेजारी घेतलेले खोल बोअर नवीन पाणी आणते असे वाटते, तेव्हा पुष्कळदा ते त्याच थरातले पाणी आधी ओढून घेत असते. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीशेजारी नवीन विहीर घेण्यावर कायद्याची बंधने आहेत. काम काढण्यापूर्वी ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजते. गावानेही तेच चार महिने ठेवावे, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. गावाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातील मिळून दहा विहिरी निवडाव्यात. प्रत्येकीस क्रमांक द्यावा व काठावर रंगाची खूण करावी. पोलादी मोजपट्टीच्या टोकास खडू चोळून ती पाण्यात सोडली की ओली झालेली खूण स्पष्ट दिसते. मोजणी पहाटे, पंप सुरू होण्यापूर्वी करावी. वहीत प्रत्येक विहिरीस दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर काठाची उंची, व्यास, थरांचा क्रम, झऱ्यांची खोली व दगडाची घनता. उजव्या पानावर दिनांक, पातळी, आवक व त्या वर्षी त्या विहिरीवर कोणते पीक किती क्षेत्रात होते ते लिहावे. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी, कारण कार्यकर्त्याची बदली होते. पहिल्या वर्षी ऑक्टोबराच्या दुसऱ्या आठवड्यात, परतीचा पाऊस थांबल्यावर आरंभ करणे सोयीचे पडते; त्या वेळी विहिरी भरलेल्या असल्याने थर दिसत नाहीत, म्हणून डावे पान पुढच्या मे महिन्यात, पाणी तळाशी गेल्यावर, दोराने उतरून भरावे. उतरण्यापूर्वी कंदील आत सोडून हवा शुद्ध असल्याची खात्री करून घ्यावी. तो मंदावला किंवा विझला तर कोणीही आत उतरू नये.